जैतुनाचे तेल आणि तिळाची भूमी

'ख्रिस्त' या शब्दाचा अर्थ 'अभिषिक्त', ज्याला तेलाचा अभ्यंग झाला आहे असा. ज्या धर्माच्या नावातच तेल आहे, त्या धर्माच्या अनुयायांना जन्मापासून मृत्यूपर्यंत तेलाची सोबत असावी यात नवल नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाच्या छातीवर, दृढीकरणाच्या वेळी कपाळावर, गुरुदीक्षेच्या वेळी नव्या धर्मगुरूच्या तळहातांवर आणि आजारपणात रुग्णाच्या कपाळावर व हातांवर पवित्र तेल लावले जाते. परंपरेने हे तेल जैतुनाचे, म्हणजे आपण ज्याला ऑलिव्ह म्हणतो त्या फळाचे. आता ज्या कारेगावच्या परिसराचा विचार आमच्या मनात आहे, तेथे हे झाड नाही. पुणे-नगर रस्त्यालगतची ही भूमी ज्वारी-बाजरीची, करडईची, भुईमुगाची. रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून गावाचे रूप पालटले, निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येथे स्थिरावली, आणि पूर्वी फक्त शहरात मिळणाऱ्या विलायती वस्तू आता तालुक्याच्या दुकानांतही दिसू लागल्या. त्यांत ऑलिव्ह तेलाची बाटलीही आहे.

ही बाटली पाहून श्रद्धावंतांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. आपल्या घरच्या तेलापेक्षा हे तेल अधिक पवित्र का? आणि जे आपल्या मातीत पिकत नाही ते समुद्रापलीकडून आणणे देवाच्या कृपेसाठी आवश्यक आहे का? या प्रश्नांना इतिहासाने दिलेले उत्तर मोठे उद्बोधक आहे. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

दोन शब्दांची साक्ष

आरंभ शब्दांपासूनच करू. आपला 'तेल' हा शब्द संस्कृत 'तैल' या शब्दापासून आला, आणि 'तैल' म्हणजे तिळाचे. आपल्या पूर्वजांनी प्रथम तीळ गाळला असावा. पुढे करडई, जवस, मोहरी यांतून जे निघाले त्यालाही त्यांनी तिळाचेच नाव दिले. आता पश्चिमेकडे पाहावे. लॅटिन भाषेत तेलाला 'ओलेउम' म्हणतात, आणि हा शब्द 'ओलेआ' म्हणजे जैतुनाचे झाड याच्याशी बांधलेला आहे. म्हणजे रोमन माणूस 'तेल' म्हणाला की तो नकळत जैतुनाचे नाव घेत होता, आणि आपण 'तेल' म्हणतो तेव्हा नकळत तिळाचे नाव घेतो. दोन्ही समाजांनी आपल्या मातीने दिलेल्या पहिल्या दानाचेच नाव सर्व तेलांना दिले. आमच्या मते या विषयाचे सारे मर्म येथे आहे.

'जैतून' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. पोर्तुगीज भाषेत तेलाला 'अझेइते' म्हणतात, तोही त्याच अरबी धातूतून निघालेला. ज्या शब्दाने मराठी बायबलात जैतुनाच्या डोंगराला नाव दिले, त्याच शब्दाचा भाऊबंद पोर्तुगीज खलाशांच्या तोंडी गोव्याच्या बंदरात उतरला.

पवित्र शास्त्रातील तेलाचा व्यापार

परदेशातून तेल आणणे ही आजकालची गोष्ट नव्हे. जुन्या करारातील पहिल्या राजांच्या ग्रंथात शलमोन राजा मंदिराच्या लाकडाच्या मोबदल्यात सोरच्या हिराम राजाला दरवर्षी गहू आणि कुटून काढलेले शुद्ध तेल पाठवीत असे, असा उल्लेख आहे. यहेज्केल संदेष्ट्याने सोर नगरीच्या व्यापाराचे जे वर्णन केले आहे, त्यात यहूदा व इस्राएलकडून येणाऱ्या मालात गहू आणि मध यांच्याबरोबर तेलही आहे. म्हणजे पवित्र भूमीतील डोंगरउतारांवरचा शेतकरी तेव्हाही परक्या बंदरासाठी तेल गाळीत होता.

या व्यापारात शास्त्राने गरिबाला विसरू दिले नाही. अनुवादाच्या ग्रंथातील आज्ञा अशी की, जैतुनाची झाडे एकदा झोडपल्यावर फांद्या पुन्हा चाचपू नयेत; उरलेली फळे परक्यासाठी, पोरक्यासाठी व विधवेसाठी ठेवावीत. अलीशा संदेष्ट्याच्या काळातील त्या कर्जबाजारी विधवेची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या घरी तेलाचे एक भांडे तेवढे होते. देवाच्या कृपेने ते वाढले, तेव्हा संदेष्ट्याने तिला ते विकून कर्ज फेडण्यास व उरलेल्यावर मुलांसह जगण्यास सांगितले. देवाचा चमत्कार येथे बाजाराच्या वाटेने एका गरीब घरापर्यंत पोहोचला. आणि ज्या बागेत प्रभू येशूने घाम गाळीत प्रार्थना केली, त्या 'गेथशेमाने' बागेच्या नावाचा अर्थच मुळी 'तेलाचा घाणा' असा आहे.

दख्खनच्या वाटेवर

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका अनामिक ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे एक प्रवासपुस्तक उपलब्ध आहे. त्यात भडोच, कल्याण, पैठण आणि तेर ही आपल्या परिचयाची स्थळे येतात. भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी लेखकाने बारकाईने दिली आहे. त्यात इटलीची द्राक्षमदिरा आहे, तांबे, कथील, पोवळे, काच आहे. ऑलिव्ह तेल मात्र नाही. तांबड्या समुद्रावरील अदुलिस बंदरात थोडेसे ऑलिव्ह तेल जाई, असे तोच लेखक नोंदवतो. उलट भडोचच्या मुलखातून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जे जहाज निघे, त्यात तांदूळ, तूप, सुती कापड आणि तिळाचे तेल भरलेले असे. म्हणजे प्रभू येशूच्या प्रेषितांच्या काळात आपला प्रदेश तेल घेणारा नव्हता, देणारा होता.

दक्षिणेत पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडू येथे सापडलेल्या रोमन रांजणांच्या खापरांत मदिरेच्या रांजणांचा भरणा आहे, आणि थोडी खापरे तेलाच्या रांजणांची आहेत. कारेगावहून ज्या रस्त्याने आपण अहिल्यानगर व पुढे नेवाशाला जातो, त्या नेवाशाच्या उत्खननातही परदेशी रांजणांचे तुकडे मिळाले. पश्चिम भारतातील अशा खापरांपैकी पुष्कळशी पूर्वी रोमन समजली जात. अलीकडच्या अभ्यासाने त्यांतील बरीचशी इराण-इराकच्या बाजूच्या रांजणांची ठरली आहेत. तात्पर्य, ऑलिव्ह तेल येथे आले असले तरी ते अत्यल्प, आणि बहुधा परदेशी व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या जेवणापुरते.

याच काळातील रोम शहरात मात्र तेलाच्या रिकाम्या रांजणांच्या खापरांची एक टेकडीच उभी राहिली. 'मोंते तेस्ताच्चो' या नावाची ती टेकडी आजही पाहावयास मिळते. तिची उंची सुमारे ३५ मीटर आहे. तेथील बहुतेक रांजण दक्षिण स्पेनमधून आलेले. प्रत्येकात साधारण सत्तर किलो तेल मावे, आणि रांजणावर शाईने तेलाचे वजन, पाठविणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव व तपासणीची नोंद लिहिलेली असे. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आपल्या मुलखातील तेल गाळणाऱ्यांचीही एक नोंद दगडावर कोरलेली आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या शतकातील, आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने निरनिराळ्या कारागिरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली आणि तिच्या उत्पन्नातून आजारी भिक्षूंना औषध मिळावे अशी व्यवस्था केली. या श्रेणींत तिळाचे तेल गाळणाऱ्यांची श्रेणीही आहे. धर्म वेगळा, काळ वेगळा. पण तेल्याचे श्रम आणि रुग्णाची सेवा यांची सांगड या मातीत किती जुनी आहे हे पाहून मन भरून येते.

शनवार तेली

जैतुनाच्या भूमीतून आलेली माणसेच आपल्या कोकणात तिळाचे तेल गाळू लागली, ही तर त्याहून विलक्षण गोष्ट. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून उतरले. त्यांनी पिढ्यान्पिढ्या तेलाचे घाणे चालविले. शब्बाथाच्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारच्या लोकांनी त्यांना 'शनवार तेली' असे नाव दिले. त्यांनी जैतुनाचा डोंगर सोडला होता. देवाचा दिवस सोडला नव्हता.

यहुदी धर्मपंडितांत हा वाद फार पूर्वी झालेला होता. शब्बाथाचा दिवा केवळ ऑलिव्ह तेलानेच लावावा, असे रब्बी तार्फोन यांचे मत होते. त्यावर रब्बी योहानान बेन नुरी यांनी उभे राहून विचारले की, मग ज्यांच्याकडे तिळाशिवाय दुसरे तेलच नाही त्या बाबिलोनच्या लोकांनी काय करावे? ज्यांच्याकडे केवळ अक्रोडासारख्या कवचफळांचे तेल आहे त्या मेदी लोकांनी काय करावे? तालमूद ग्रंथात हा संवाद नोंदलेला आहे. हाच प्रश्न कॅथलिक ख्रिस्तसभेपुढे पुढे अनेक शतके उभा राहावयाचा होता.

लिस्बनची जहाजे

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले आणि १५३४ मध्ये पोप तिसरे पॉल यांच्या फर्मानाने गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला. बिशप आले म्हणजे पवित्र गुरुवारी तेलाला आशीर्वाद देण्याचा विधी आला, आणि त्या विधीसाठी ऑलिव्ह तेल आले. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या विश्वपरिषदेने आर्मेनियन ख्रिस्ती बांधवांसाठी जे शिक्षण लिहून दिले, त्यात रुग्णाभ्यंगासाठी बिशपने आशीर्वाद दिलेले ऑलिव्ह तेल, आणि दृढीकरणासाठी तेल व बाल्सम यांचे मिश्रण, असे स्पष्ट सांगितले होते.

हे तेल किती लांबून येई याची कल्पना आपल्या 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांच्या प्रवासावरून करता येते. ते ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. म्हणजे साडेसहा महिने समुद्रावर. पोर्तुगालमध्ये जैतुनाची फळे हिवाळ्याच्या तोंडावर काढतात. त्या हिवाळ्यात गाळलेले तेल वसंतात जहाजावर चढे, पावसाळ्यानंतर गोव्यास उतरे आणि पुढील वर्षीच्या पवित्र गुरुवारी आशीर्वादित होई. ज्या बालकाला त्या तेलाचा अभ्यंग होई, त्याच्या कपाळावरचे तेल सव्वा ते दीड वर्ष जुने असे. आलेंतेजोच्या किंवा बैराच्या कोणा शेतकऱ्याने झोडपलेली फळे साष्टीच्या मुलाला ख्रिस्ताचा शिक्का देत होती. त्या शेतकऱ्याचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते.

जेथे जहाज पोहोचत नसे तेथे काय होई? केरळातील संत थॉमसच्या परंपरेतील ख्रिस्ती लोक बाप्तिस्म्याच्या वेळी नारळाचे किंवा तिळाचे तेल वापरीत. १५९९ मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी भरविलेल्या उदयम्पेरूरच्या धर्मसभेने ही चाल मोडून बिशपने आशीर्वाद दिलेल्या तेलाचा दंडक घातला. त्या सभेच्या निर्णयांनी केरळच्या ख्रिस्ती समाजाला ज्या जखमा झाल्या, त्यांचा इतिहास मोठा आहे. येथे एवढेच म्हणावयाचे की, त्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या मातीतील तेल घेतले यामागे अनादर नव्हता. जे हाती होते ते त्यांनी देवापुढे ठेवले होते. याच सोळाव्या शतकात अमेरिका खंडात सापडलेल्या बाल्समला मात्र पोपमहोदयांनी मान्यता दिली. सुगंधी द्रव्याला जी मुभा मिळाली, ती तेलाला मिळण्यास आणखी चारशे वर्षे जावी लागली.

तीन लहान डब्या

पुण्यात सवाई माधवरावांच्या काळात, १७९२ मध्ये, पेशव्यांनी कॅथलिक मंदिरासाठी जागा दिली. त्यांच्या फौजेत गोमंतकीय ख्रिस्ती शिपाई होते. १८८६ मध्ये पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. घोडनदी आणि प्रवरेच्या खोऱ्यांतून मिशनरी धर्मगुरू बैलगाडीने किंवा घोड्यावरून हिंडत. त्यांच्या पेटीत तीन लहान धातूच्या डब्या असत: रुग्णांचे तेल, दीक्षार्थींचे तेल आणि क्रिझम. वर्षातून एकदा बिशपांकडून त्या भरून आणावयाच्या आणि पुढच्या पवित्र गुरुवारपर्यंत पुरवावयाच्या.

१९१७ च्या धर्मसंहितेत रुग्णाभ्यंगासाठी ऑलिव्ह तेलच हवे असे ९४५ व्या कलमात सांगितले होते. त्याच संहितेच्या ७३४ व्या कलमात एक सवलत आहे, आणि ती वाचताना त्या काळच्या टंचाईचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आशीर्वादित तेल संपत आले तर त्यात आशीर्वाद न दिलेले ऑलिव्ह तेल घालावे, गरज पडल्यास पुन्हा पुन्हा घालावे. मात्र घातलेले तेल दर वेळी असलेल्यापेक्षा कमी असावे. घरातील गृहिणी जसे विरजण राखते, तसे हे तेल राखले जाई. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्याने अंतर कमी झाले, परंतु परावलंबन संपले नाही. एखाद्या वाडीवर रुग्ण अखेरचे श्वास घेत असेल, घरात करडईच्या तेलाची बुधली भरलेली असेल आणि धर्मगुरूची डबी कोरडी पडली असेल, तर त्या बुधलीतील तेलाने संस्कार होऊ शकत नव्हता. हा नियमाचा अर्थ होता, आणि तो सोपा नव्हता.

१९७० चा निर्णय

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर हे बंधन सैल झाले. ३ डिसेंबर १९७० रोजी प्रसिद्ध झालेल्या तैलाशीर्वादाच्या नव्या विधीत ऑलिव्ह तेल, किंवा परिस्थितीनुसार दुसरे वनस्पतिजन्य तेल, योग्य मानण्यात आले. ३० नोव्हेंबर १९७२ रोजी पोप सहावे पॉल यांनी रुग्णाभ्यंगाविषयी स्वतंत्र आज्ञापत्र काढले. काही प्रदेशांत ऑलिव्ह तेल मिळत नाही किंवा कष्टाने मिळते, म्हणून अनेक बिशपांच्या विनंतीवरून ही मुभा देत आहोत, असे कारण त्यांनी त्यात दिले. १९८३ च्या धर्मसंहितेच्या ८४७ व्या कलमाने हाच नियम कायम केला. तूप चालत नाही, खनिज तेल चालत नाही. तेल वनस्पतीचे असावे आणि ते बिशपांनी आशीर्वादित केलेले असावे. निकडीच्या प्रसंगी रुग्णाभ्यंगाचे तेल धर्मगुरू संस्काराच्या वेळीच आशीर्वादित करू शकतो, असेही ९९९ व्या कलमात म्हटले आहे.

म्हणजे रब्बी योहानान यांच्या प्रश्नाला ख्रिस्तसभेने शेवटी तेच उत्तर दिले जे कोकणातील शनवार तेली आपल्या घाण्यावर जगत आले होते. 'ओलेउम' आणि 'तेल' हे दोन शब्द वेदीवर शेजारी शेजारी येऊन बसले.

आजची बाटली

मग ऑलिव्ह तेल आता आपल्याला परके मानावयाचे का? आम्हास तसे वाटत नाही. राजस्थान सरकारने २००७ मध्ये इस्राएली तंत्रज्ञांच्या साहाय्याने जैतुनाच्या लागवडीस हात घातला, तरी भारतात खपणारे ऑलिव्ह तेल अजून जवळजवळ सर्व स्पेन, इटली आदी देशांतून येते. येथे आम्ही वाचकांना रोमच्या त्या टेकडीची आठवण करून देतो. अठराशे वर्षांपूर्वीच्या खापरावर व्यापाऱ्याचे नाव आहे. आजच्या अनेक बाटल्यांवर मात्र निरनिराळ्या देशांतील तेलांचे मिश्रण, एवढाच मजकूर असतो. तेल कोणाच्या झाडाचे, त्याला काय भाव मिळाला, हे कळण्यास मार्ग नाही. आपल्याकडे स्वस्त म्हणून विकले जाणारे 'पोमेस' तेल तर फळ पिळून उरलेल्या चोथ्यातून रासायनिक द्रावणाने काढून शुद्ध केलेले असते. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' तेल केवळ फळ पिळून काढलेले असते आणि त्याच्या एका लिटरसाठी साधारण पाच किलो फळे लागतात. ते स्वस्त असूच शकत नाही.

नाव हरवलेल्या तेलाने काय अनर्थ होतो हे १९८१ मध्ये स्पेनने अनुभवले. कारखान्यांसाठी मुद्दाम अखाद्य केलेले तेल ऑलिव्ह तेल म्हणून गरीब वस्त्यांत दारोदार विकले गेले. सुमारे वीस हजार लोक आजारी पडले आणि शेकडो मेले. आपल्या देशातही १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने बळी घेतले. जे तेल रुग्णाला बरे करण्याचे चिन्ह, तेच लोभामुळे विष झाले.

याउलट उदाहरण पवित्र भूमीतील तैबे या गावाचे. योहानकृत शुभवर्तमानात प्रभू येशू शिष्यांसह ज्या एफ्राइम गावी जाऊन राहिले, ते हेच गाव मानले जाते, आणि आजही तेथील वस्ती जवळजवळ पूर्णपणे ख्रिस्ती आहे. २००० नंतरच्या अशांत वर्षांत तेथील लहान शेतकऱ्यांचे तेल विकले जाईना. तेव्हा गावातील धर्मग्रामाने पुढाकार घेऊन ते परदेशांतील ख्रिस्ती बांधवांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था केली. जैतुनाच्या तेलावर जळणारे कबुतराच्या आकाराचे मातीचे शांतिदीप बनविले. चार झाडांचा मालक असलेला शेतकरी आपल्या वाडवडिलांच्या भूमीवर टिकून राहावा, हा त्यामागील हेतू. अशा हातांचे तेल आपण घेतले तर ती केवळ खरेदी राहत नाही. प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी मंडळ्यांतून जी वर्गणी गोळा केली, तिचीच ती धाकटी बहीण ठरते.

तेव्हा वाचकहो, पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, महाग बाटलीत अधिक कृपा भरलेली नसते. कृपा प्रभूची आहे, ती ख्रिस्तसभेच्या प्रार्थनेने येते, आणि तेल हे तिचे चिन्ह आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, समुद्रापलीकडचे तेल आवश्यक नाही, परंतु ते निषिद्धही नाही. शिरूरच्या घाण्यावरचे करडईचे तेल घ्या किंवा जैतुनाच्या डोंगराकडचे घ्या; ते निर्भेळ असावे आणि ते गाळणाऱ्याला त्याचा न्याय्य दाम मिळालेला असावा. याच जिल्ह्यातील संताजी जगनाडे महाराज तेलाचा घाणा चालवीत आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवीत. घाण्याचे काम आणि देवाचे काम यांत त्या तेल्याने अंतर मानले नाही. आपणही मानू नये. बाजारातून तेल घेताना लेबलावरील नाव वाचावे, गावात घाणा चालविणारा असेल तर त्याच्याशी घासाघीस करताना हात जरा आखडता घ्यावा, आणि घरात कोणी आजारी पडले तर धर्मगुरूला वेळेवर बोलवावे. डबी आता कोरडी पडण्याचे कारण उरलेले नाही.